पंचमामांची साक्ष

बजाजनगरला ज्यांच्या घरी वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो, त्यांना गल्लीत नावानं कुणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे त्यांना पंचमामा म्हणत. यात आदर औषधालाही नव्हता. मामा आयुष्यात एकदाच पोलिसांच्या पंचनाम्याला पंच म्हणून उभे राहिले होते. एक सही केली आणि जन्माची उस्तवार मागे लावून घेतली, असं गल्लीचं मत. माझंही फारसं वेगळं नव्हतं. पण खोली हवेशीर होती आणि बोअरला उन्हाळ्यातही पाणी होतं, म्हणून मी ते मनात ठेवत असे.

आज गल्लीचं मत त्याच्याही पुढं गेलंय. मामा विकले गेले, असं आता सगळे सांगतात. मी हे लिहितोय ते त्यासाठी. कुणाला पटेल अशी आशा नाही. कोर्टाच्या कागदावरच तसं लिहिलंय म्हटल्यावर माझं कोण ऐकतो?

मामा वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. तयार झालेला पार्ट हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, नखानं टोकरायचा आणि मग पास की नापास ते ठरवायचं. हे काम कंपनीच्या गेटवर संपायला हवं होतं, पण मामा ते घरी आणत. दुधाची पिशवी उजेडाकडे धरत. नवा झाडू आणला तर त्याच्या काड्या ओढून पाहत. कुणाच्या लग्नाला गेले तर जेवणाआधी मांडवाचे नटबोल्ट बघून येत. मामी म्हणायच्या, "मला बघाया आले तवा बी खिडकीपाशी उभं केलं व्हतं यांनी." हे खरं की खोटं ते मामांनी कधी सांगितलं नाही. ते नुसते हसायचे.

"बघितलं का वाटलं?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मी म्हणायचो, मामा, टाकी भरली वाटतं. ते विचारायचे, वाटतं का बघितली? मग मी गुमान गच्चीवर चढायचो. कुणी येऊन सांगावं की अमक्याची पोरगी तमक्याबरोबर फिरते, तर मामा विचारणार, "तू बघितलं का?" तिथंच गप्पा संपल्या. त्यामुळं आमच्या ओट्यावर बसायला कुणी येत नसे. निम्म्याहून जास्त गप्पा वाटण्यावरच चालतात, आणि ते दुकानच मामांनी बंद करून टाकलं होतं.

तो पंचनामा मी राहायला येण्याच्या आधीचा. मला तो मामींनी सांगितला, अनेकदा, आणि दर वेळी कपाळाला हात लावून. मागच्या गल्लीत एक नवी नवरी स्वयंपाकघरात जळून मेली होती. नवरा आणि सासू म्हणत होते, तिनं आतून कडी लावून पेटवून घेतलं, आम्ही दार तोडलं पण तोवर उशीर झाला. अशा ठिकाणी पोलिसांना दोन बाहेरची माणसं लागतात. त्यांनी जागा डोळ्यांनी बघायची आणि काय दिसलं त्या कागदावर सही करायची. पोलीस दोन माणसं शोधत फिरू लागले आणि गल्लीतली दारं धडाधड लागली. एका घरातून तर, "साहेब गावाला गेलेत," असं खुद्द साहेबांनीच आतून ओरडून सांगितलं. मामा फर्स्ट शिफ्ट करून आले होते, आंघोळ करून टॉवेल वाळत घालायला बाहेर निघाले होते. दार उघडं होतं, एवढीच त्यांची चूक. दुसरा एक किराणा दुकानदार शटर ओढता ओढता सापडला.

दुकानदारानं बाहेर उभ्या उभ्या सही ठोकली. मामा आत गेले. धुरानं काळी झालेली भिंत पाहिली, मग दाराशी वाकले आणि आतली कडी नखानं टोकरून बघितली. कडी सरळ होती. चौकटीतला एक स्क्रूसुद्धा हललेला नव्हता. आतून कडी असताना दार तोडलं असतं तर कडी वाकली असती, लाकूड फाटलं असतं. म्हणजे दार आतून लावलेलंच नव्हतं, आणि सासरच्यांची सगळी गोष्ट खोटी होती.

"साहेब, आतली कडी धड हाये, हे लिवा. मग सही करतो," मामा म्हणाले.

"काका, ते वरचे बघतील," हवालदार म्हणाला.

"वरचे इथं आलेत का? मी आलोय. मी बघितलं ते लिवा."

बरीच हुज्जत झाली. शेवटी हवालदारानं वैतागून ती ओळ लिहिली आणि मामांनी सही केली. मामी ही गोष्ट सांगताना इथं थांबायच्या आणि म्हणायच्या, "काहून बघितलं हो त्यांनी? दुकानदारावानी भाईर उभं ऱ्हायाचं की!"

पुढं सासरच्यांनी दार बदललं. पोलिसांनी जप्त केलेली कडी कुठं गेली ते कुणालाच सांगता येईना. फोटोत नुसता काळोख आला होता. तपास करणारे साहेब वारले. दुकानदार कोर्टात उभा राहून म्हणाला, "मला काय बी माहीत नाय, पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली." असं आपलं म्हणणं फिरवणाऱ्या साक्षीदाराला कोर्टात फितूर म्हणतात. तो फितूर ठरला, बाहेर आला, कॅन्टीनमध्ये चहा प्याला आणि कायमचा मोकळा झाला. त्या मुलीच्या बाजूनं बोलणारे जगात एकटे मामा उरले.

साक्षीला जायचं म्हणजे काय काय करावं लागतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आधी समन्स येतं. ते घेऊन येणारा पोलीस दारात गाडी उभी करतो आणि गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडतात. मग कंपनीत सुट्टी मागायची. सुपरवायझर विचारतो, तुम्ही काय केलं होतं? काही केलं नव्हतं हे सांगता सांगता तोंड दुखतं. सकाळी बजाजनगरहून रिक्षा, नगर नाक्याला दुसरी रिक्षा, छावणीतून अदालत रोड. नाक्यावरचा एक रिक्षावाला ओळखीचाच झाला होता. लांबूनच ओरडायचा, "आओ चाचा, फिर तारीख? इतने में तो आदमी वकील बन जाता!"

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकं कमी आणि माणसं फार. पट्टेवाला नाव पुकारतो ते एकदाच, आणि नेमका त्याच वेळी माणूस पाणी प्यायला गेलेला असतो. म्हणून मामा तिथं पाणीच पीत नसत. दुपारी कधीतरी कळायचं की जजसाहेब रजेवर आहेत. पुढच्या वेळी आरोपीचे वकील आजारी. त्याच्या पुढच्या वेळी वकिलांचा बहिष्कार. हर्सूलच्या जेलातून आरोपीला, म्हणजे त्या नवऱ्याला, आणायला गार्ड नाही, हे कारण बरेच दिवस पुरलं. पुढं आरोपी जामिनावर सुटला तेव्हा ते गेलं, तर सरकारी वकीलच बदलले. मग साहेबांची बदली झाली. मग कोरोना आला आणि सगळंच बंद पडलं. मामांच्या पहिल्या समन्सवर औरंगाबाद लिहिलेलं होतं आणि शेवटच्यावर छत्रपती संभाजीनगर. शहराचं नाव बदललं, पण मामांची साक्ष काही झाली नाही. एकदा मी संतापून विचारलं, मामा, यात शिक्षा नेमकी कुणाला चालू आहे? ते म्हणाले, "ज्याला दिसलं त्याला." आणि पॅन्टची घडी नीट करून तिची गुडघ्याची शिवण तपासत बसले.

मेलेल्या मुलीचे वडील बिडकीनकडचे. जमीन कारखान्यांसाठी गेली आणि आता ते तिथल्याच एका गेटवर वॉचमन होते. प्रत्येक तारखेला यायचे. ते रामराम करायचे, मामा जयभीम म्हणायचे, आणि दोघं एकाच बाकावर दिवसभर बसायचे. पण मामांनी त्यांच्या हातचा कधी चहाचा घोटही घेतला नाही. "साक्षीदारानं फिर्यादीच्या हातचं खायचं नाय. उद्या वकील इचारंल." बिचारे वडील म्हणायचे, "बरोबर हाये, मामा," आणि पाठ फिरवून आपली भाकरी खायचे. केसबद्दल दोघांत एक शब्द नाही. बोलायचे ते एसटीबद्दल, पावसाबद्दल, दुखऱ्या गुडघ्यांबद्दल. एकदा वडिलांनी मोबाईल पुढं केला, त्यात मुलीचा फोटो होता. मामांनी मान वळवली. "नका दावू. मी कडी बघितली. पोरगी नाय बघितली." मला तेव्हा मामांचा मनापासून राग आला. त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत, हे मला मामींकडून कळलं.

मामांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नादिवशीच तारीख निघाली. अर्ज केला असता तर पुढची मिळाली असती. मामींनी, व्याह्यांनी, मी, सगळ्यांनी सांगून पाहिलं. मामा म्हणाले, "आपल्या पोरीचं लगीन हाये म्हणून त्यांच्या पोरीची तारीख बुडवू?" आणि लग्नासाठी शिवलेल्या पांढऱ्या शुभ्र शर्टात कोर्टात गेले. तिथं साहेब कसल्याशा प्रशिक्षणाला गेले होते. मामा धावतपळत परत आले तेव्हा हॉलमध्ये पंगत चालू होती. हार घालतानाच्या फोटोत मुलीच्या बापाच्या जागी मामींचा भाऊ उभा आहे. तो फोटो त्यांच्या पुढच्या खोलीत आहे, आणि मामी त्याची काच कधी पुसत नाहीत.

एवढं करूनही एक तारीख चुकलीच. मामींना घाटी दवाखान्यात भरती केलं होतं, ऑपरेशन होतं, मामा तिथून हलू शकले नाहीत. कोर्टानं वॉरंट काढलं. पोलिसांनी मामांना कंपनीच्या गेटवरून उचललं, तेही शिफ्ट सुटायच्या वेळी, सगळ्यांच्या देखत. पुढच्या महिन्यात कंपनीनं त्यांना क्वालिटीतून काढून पॅकिंगला टाकलं. उचललं त्या दिवशी कोर्टात बाकावर आरोपी बसला होता, वडापाव खात. पोलिसांबरोबर मामांना येताना पाहून तो बाजूला सरकला आणि म्हणाला, "बसा मामा, बसा." मामा बसले. मला हे आठवलं की आजही जीव नकोसा होतो. ज्याच्यावर खुनाचा आळ तो निवांत खातोय आणि ज्यानं दार पाहिलं त्याच्या दंडाला पोलिसाचा हात.

आरोपीचा थोरला भाऊ एकदा घरी आला होता. पेढ्यांचा बॉक्स घेऊन, अगदी नम्रपणे.

"मामा, खोटं बोला असं कुठं म्हणतोय आमी? इतकी वर्सं झाली. कुणालाच नाय आठवणार. नाय आठवत म्हणायचं, इषय संपला."

"पन मला आठवतं," मामा म्हणाले.

"अहो, पन म्हणायचं काय..."

"मला आठवतं ना. कडी सरळ होती."

पेढे परत गेले. दुसऱ्या सकाळी मामांच्या स्कूटरची सीट ब्लेडनं फाडलेली होती. मामी रडून म्हणाल्या, "म्हना ना हो एकदा, नाय आठवत. काय जातंय तुमचं?" मामा त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

आणि मग ते खरंच विसरू लागले. कधीपासून, ते आम्हाला कळलंच नाही. गॅसचं बटण ते पहिल्यापासून दोनदा बघायचे. आता चारदा बघू लागले. कुलूप ओढून बघायचे, गल्लीच्या टोकाहून परत येऊन पुन्हा ओढायचे. बघायची सवयच एवढी दांडगी होती की विसरणं तिच्यात लपून गेलं. एकदा बाजारात स्कूटर ठेवून चालत घरी आले आणि स्कूटर चोरीला गेली म्हणून हळहळत बसले. एका संध्याकाळी मला जिन्यात अडवून विचारलं, "वरती नवीन राहायला आले का तुमी?" मी हसलो. ते हसले नाहीत. सिडकोतल्या डॉक्टरांनी तपासलं आणि हे वाढत जाणार म्हणून सांगितलं.

नेमकं त्याच सुमारास कोर्टाला जाग आली. नवे साहेब आले होते, जुन्या केसेस निकाली काढत होते. मामी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन सरकारी वकिलांकडे गेल्या, मी बरोबर होतो. यांना यातून सोडा, असं सांगायचं ठरलं होतं. वकील म्हणाले, "बाई, माझ्याकडं त्यांच्याशिवाय काही नाही. पंचनामा पुढं ठेवू, वाचला की आठवेल त्यांना. नुसतं होय म्हणाले तरी बास." मुलीचे वडील दाराशी उभे होते. त्यांनी हातसुद्धा जोडले नाहीत. मामींनी त्यांच्याकडं पाहिलं. मग चिठ्ठी घडी करून पर्समध्ये परत ठेवली आणि मला म्हणाल्या, "चला."

साक्षीच्या दिवशी मी मामांना घेऊन गेलो. व्हरांड्यात वकिलांनी पंचनाम्याची प्रत त्यांच्या हातात दिली. मामांनी ती न उघडता परत केली.

"वाचून सांगायचं असंल तर मला कशाला बोलावलं? कुणीबी वाचंल."

"मामा, सगळेच वाचतात. नियमात बसतं ते," मी म्हणालो.

"बघितलेलं सांगायला आलोय मी. पाठ केलेलं नाय."

वडील पुढं आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते केसबद्दल बोलले. "मामा, माझ्यासाठी वाचा की एकडाव." मामांनी मान हलवली, पण कागद घेतला नाही. विसरत चाललेल्या माणसाचं सगळं जातं आणि हट्ट तेवढा शाबूत राहतो, हे मला त्या दिवशी कळलं. तेवढ्यात पुकारा झाला.

पिंजऱ्यात मामा ताठ उभे राहिले. शपथ खणखणीत घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, त्या घरात गेला होता का? गेलो होतो. काय पाहिलं? भिंत काळी होती, वास येत होता. मला वाटलं, चाललं सगळं नीट. मग वकिलांनी विचारलं, "दाराची आतली कडी कशी होती?"

 मामांच्या उजव्या हाताचं नख पिंजऱ्याच्या लाकडावर चालू होतं, टोकरत. त्या बोटाला आठवत असावं.

"आठवत नाय, साहेब."

वकिलांनी कागद पुढं धरला. सही तुमची का? माझी. वर काय लिहिलंय ते वाचा. मामांनी वाचलं, मोठ्यानं, आतली कडी सुस्थितीत होती. "हे खरं आहे ना?" वकिलांच्या आवाजात आता अजिजी होती. सगळं कोर्ट पुढं झुकलं. नुसतं होय म्हणायचं होतं. होय म्हटलं असतं तर ते खरंच ठरलं असतं, कारण ते खरं होतंच.

"लिवलंय तर आसंल," मामा म्हणाले. "पन माझ्या डोळ्यापुढं कडी येत नाय. दार येतं, धूर येतो, कडी नाय येत. येत नसताना येतीय कसं म्हनू?"

जजसाहेबांनी स्वतः विचारलं, अगदी सावकाश. मामांनी तेच सांगितलं. आरोपीच्या वकिलांना तर उठावंसुद्धा लागलं नाही. सरकारी वकिलांनी घाम पुसला आणि साक्षीदार फितूर झाल्याचं घोषित करायची परवानगी मागितली. ती मिळाली. टायपिस्टनं ते टाईप केलं. पेढे परत करणारा, मुलीचं लग्न सोडून येणारा, तारखेला पाणी न पिणारा तो माणूस कागदावर त्या दुकानदाराच्या ओळीत जाऊन बसला. मला त्या क्षणी कशाचाच भरवसा वाटेनासा झाला. कायद्याचा नाही, खरेपणाचाही नाही.

काही आठवड्यांनी निकाल लागला. पुराव्याअभावी सगळे निर्दोष. मागच्या गल्लीत फटाके वाजले, आणि त्याच किराणा दुकानदारानं मला सुटे पैसे परत देताना विचारलं, "कितीत मिटवलं हो पंचमामांनी?" मी सामान तिथंच ठेवून निघून आलो. त्याला काय सांगणार? माणूस इतका खरा असू शकतो की त्यानंच सगळं बुडतं, हे सांगून पटण्यातलं नाही.

पण मला छळतं ते यातलं काहीच नाही. साक्ष झाल्यावर मी मामांना धरून कोर्टाच्या पायऱ्या उतरत होतो. मुलीचे वडील खालच्या पायरीवर बसले होते. आम्हाला पाहून ते उठले. मला वाटलं, आता हा माणूस मामांची गचांडी धरणार, आणि धरली तर मी सोडवणार नाही. ते नुसते उभे राहिले. मामा त्यांच्यापाशी थांबले. चेहरा निरखून पाहिला, पण ओळख लागल्याचं दिसलं नाही. एखाद्या नव्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं त्यांनी विचारलं, "तुमचा बी मामला हाये का इथं?"

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. मामा आपल्यालाही विसरलेत, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"होता, मामा," ते म्हणाले. "आज संपला."

मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"नशीबवान हायेत तुमी," ते म्हणाले. "आमचा काय संपत नाय बगा."